नमुन्याच्या ट्रेमधली पिन

बाळांनो, ही घडलेली गोष्ट आहे. माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलेली.

रात्र नाही, भर दुपार. आणा डोळ्यांसमोर... गाडीच्या ब्रेकच्या पिना बनवणारा कारखाना. जेवणाची सुट्टी. सगळी यंत्रं गप्प. तपासणीच्या खोलीत टेबलावर एक लाल पेटी. मापाला कमी भरणारी झिजकी पिन त्या पेटीत टाकायची आणि कुलूप लावायचं, म्हणजे ती चुकूनही गाडीत जात नाही.

किल्ली माझ्या बहिणीच्या गळ्यात. आधी ती तिच्या थोरल्या जावेकडे असायची. थोरली तापाने गेली. तिचं काम धाकटीकडे, म्हणजे माझ्या बहिणीकडे आलं, तिची लेक चिमीही धाकटीच्याच पदरात आली.

कौतुक मात्र थोरलीचंच.

"मोठ्या ताईंच्या बोटांना डोळे होते," साहेब म्हणायचे. "तुमचं आपलं मापं घेत बसणं."

चिमीसुद्धा तसलीच. "काकू, आई पिन नुसती हातात घेऊन सांगायची, चांगली की झिजकी."

या पोरीने एकदा तरी आपल्याला आई म्हणावं, म्हणून धाकटी झुरायची. आणि आतल्या आत जळायची.

त्या दुपारी गाडीच्या कंपनीचे तपासनीस यायचे होते. थोरलीने निवडून ट्रेमध्ये लावून ठेवलेल्या नमुन्याच्या पिना ते मापून बघणार होते. त्यात एक जरी झिजकी निघाली, तर थोरलीचं नाव मातीत जाणार.

धाकटीने ट्रेमधली एक चांगली पिन खिशात टाकली. लाल पेटीतली झिजकी तिच्या जागी ठेवली. पेटीला पुन्हा कुलूप घातलं.

टिक्...

आवाज पेटीतून आला.

ट्रेमधली जागा रिकामी होती.

तिने पेटी उघडली. झिजकी पिन सगळ्यांत वर पडली होती.

तिने ती परत ट्रेमध्ये ठेवली. पेटी बंद केली. या वेळी पिनेवर तळहात दाबून धरला.

टिक्...

तळहाताखाली काहीच नव्हतं.

आणि हातावर कुणाची तरी बोटं होती... गार नव्हती. तापाने फणफणलेली होती.

"काकू, काय करतेस गं?"

दारात चिमी. शाळेतून थेट आलेली.

"काही नाही. ये, बस माझ्याजवळ."

चिमी बाकावर तिला खेटून बसली. मग मान वर करून रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिली... आणि हसली. असं हसू धाकटीला कधीच मिळालं नव्हतं.

"भीती नंतर वाटली रे," बहीण आजही सांगते. "आधी हेवाच वाटला."

 चिमी हळूच बाजूला सरकली... दोघींच्या मध्ये एका माणसापुरती जागा ठेवून.