तुलनेचा आठवडा

वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्या दिवशी एक लांब टेबल, दोन स्टुलं, खळीची एक वाटी, तीन दाभणं, एकोणीस फाटकी पुस्तकं आणि एक माणूस होता. माणूस मी सगळ्यात शेवटी मोजला, कारण तो टेबलाखाली वाकून सुई शोधत होता.

"पाय उचला," टेबलाखालून आवाज आला. "तो नाही, उजवा... हां. सापडली."

सुई माझ्या चपलेच्या तळाला चिकटली होती. त्यानं ती काढली, शर्टाला पुसली आणि मग पहिल्यांदा वर बघितलं. बोटं खळीनं पांढरी झालेली. थोडी खळ केसांतही वाळलेली.

"शेवाळांवरचं एक पुस्तक इथे दुरुस्तीला आलंय म्हणे," मी म्हणाले.

"आलंय. पण त्याचे दोन तुकडे झालेत. घाई आहे का?"

"दहा पानं वाचायचीयत. आजच्या आज."

"दहाच? मोजून?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

तो हसला नाही. बाजूचं स्टूल फडक्यानं पुसून त्यानं पुढे सरकवलं. "मग पहिला तुकडा तुम्ही वाचा, तोवर मी दुसरा शिवतो."

बाबा गेले त्याला तेव्हा सात महिने झाले होते. प्रयोगशाळेतली नोकरी सोडून मी आत्याकडे राहायला आले होते आणि हळूहळू मला काही वाटेनासंच झालं होतं. जेवण, ऊन, माणसं, सगळ्याला एकच चव — पाण्याची. डॉक्टरांनी महिन्याभराचा एक तक्ता दिला होता. वाचन, हातकाम, स्वयंपाक, फेरफटका. यातलं रोज काहीतरी एक करायचं आणि किती बरं वाटलं त्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. आज एक तारीख होती. मी तक्ता काढून 'वाचन' लिहिलं आणि पुढे अडीच.

"अडीच?" त्यानं मान तिरकी करून वाचलं. "दोन नाही, तीन नाही... अडीच! तुमचं नाव काय ते राहू दे. मी तुम्हाला दशांश म्हणणार."

"आणि मी तुम्हाला?"

"बाइंडर. सगळे तेच म्हणतात. चिडले की आणखी काय काय म्हणतात."

दुसऱ्या दिवशी मी पुढची दहा पानं वाचायला गेले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी दोरा ओवता ओवता त्यानं सांगितलं, की इथला त्याचा करार महिनाअखेर संपतोय, हवा तर वाढवून मिळेल. दूरच्या एका शहरात जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात कायमची नोकरी मिळतेय. होकार-नकार पंचवीस तारखेपर्यंत कळवायचाय. बसनं अकरा तास लागतात तिथे.

"मग? जाणार?"

"काही कारण मिळालं तर नाही जाणार," तो म्हणाला आणि दाताखाली दोरा तोडला. माझ्याकडे न बघता.

सहा तारखेला त्यानं मला वही शिवायला शिकवली. माझी टाक्यांमधली अंतरं पट्टीनं मोजल्यासारखी सारखी आली, म्हणजे मी ती पट्टीनंच मोजली होती. "हाताला कळू दे ना कधीतरी!" असं म्हणून त्यानं पट्टी खिशात घातली आणि दाभण धरलेल्या माझ्या बोटांवर क्षणभर... फक्त क्षणभर, आपली बोटं टेकवली. चार गुण.

नऊ तारखेला तो आत्याच्या स्वयंपाकघरात बटाट्याचं सूप करायला आला. आत्यानं पातेल्यात डोकावून बघितलं.

"अरे, हे खायचंय की पुस्तकाला लावायचंय?"

"दोन्ही चालेल, आत्या. चिकटेल नक्की."

"तू पण चिकटशीलसं दिसतंय," आत्या म्हणाली आणि कोथिंबीर आणायच्या निमित्तानं अर्धा तास बाहेर गेली. कोथिंबीर घरात होती. साडेसहा गुण.

तेरा तारखेला आम्ही बसमध्ये बसलो आणि ती जिथे थांबते तिथपर्यंत गेलो. शेवटच्या थांब्यावर एक पत्र्याची शेड होती, एक नळ होता आणि लांबच लांब भिंत. पण भिंतीवर शेवाळ होतं — पाच जातींचं! मी नाक भिंतीला लावून त्याला एकेक जात दाखवत होते. वळले, तर तो शेवाळाकडे बघतच नव्हता.

"पाचवी दिसली का?"

"दिसली ना... फार छान आहे."

परतताना त्यानं काचेवरच्या वाफेत बोटानं आठाचा आकडा काढला. "आज एवढे तरी दे, दशांश."

तो मला पहिल्यांदाच अगं-तुगं करत होता. "आठ फार होतात," मी म्हणाले. "साडेसात घे."

"किती चिकट आहेस गं!"

त्या दिवशी मी तक्त्यात साडेआठ लिहिले. त्याला दाखवले नाहीत.

चूक सतरा तारखेला झाली. सकाळी चहा घेताना मी सगळे आकडे एका ओळीत मांडले. गुण वाढत होते, पण ज्या ज्या दिवशी वाढले होते त्या प्रत्येक दिवशी तो बरोबर होता. मग बरं नक्की कशानं वाटत होतं? वाचनानं, शिवणानं, सूपानं... की त्याच्यामुळे? बाबा गेल्यावर मी अशी कोसळले होते, की पुन्हा एका माणसावर सगळा भार टाकायची मला धास्ती होती. आणि त्याला 'थांब' म्हणायचं, तर आधी खात्री हवी. प्रयोगशाळेत आम्ही अशा वेळी एकच करायचो. बाकी सगळं तसंच ठेवायचं, एक घटक काढायचा आणि तुलना करायची. ज्याच्यावरून तुलना करायची त्याला कारण सांगायचं नाही. सांगितलं की निकाल बिघडतो.

मी वाचनालयात गेले. "उद्यापासून सात दिवस मी येणार नाही."

त्याचा ब्रश थांबला. "काय झालं? माझं काही चुकलं का?"

"नाही. आत्ता सांगता येणार नाही."

"सात दिवस? दशांश, पंचवीस तारीख..."

"माहितीये मला," मी म्हणाले.

खरंच माहीत होतं. सात दिवस चोवीसला संपत होते. पंचवीस तारखेला सकाळी पुराव्यासकट त्याच्यासमोर उभं राहायचा बेत होता. मी घरी दहा पानं वाचली, वही शिवली, सूप केलं, शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन आले. गुण एक, एक, शून्य, एक, शून्य, शून्य, शून्य. एकवीस तारखेला आत्या दाराशी येऊन म्हणाली, "अगं बये, त्याला एक फोन कर." मी म्हणाले, अजून तीन दिवस आहेत.

पंचवीस तारखेला वाचनालय उघडायच्या आधीच मी पायरीवर उभी होते. हातात आलेख होता, दोन रंगांत काढलेला.

मागच्या खोलीत गेल्यावर त्यानं तो टेबलावर पसरून नीट बघितला. बराच वेळ. मग म्हणाला, "तू माझ्यावर प्रयोग केलास?"

"तुझ्यावर नाही. माझ्यावर."

"आणि मी कोण होतो त्यात?"

"तू... तुला काढून बघितलं. बघ ना, किती खाली गेलंय सगळं! म्हणजे तूच आहेस कारण. नको जाऊस..."

त्यानं कागदाची घडी घातली. एक, दोन, तीन, कडा जुळवून, त्याच्या सवयीनं. "सात दिवस या खोलीत एक माणूस दाराकडे बघत बसला होता. त्याच्यासाठी रंग नव्हता का गं तुझ्याकडे?"

मी स्टुलावर बसले.

"एकवीस तारखेला होकार कळवला मी," तो म्हणाला. "वाटलं, तुझं उत्तर हेच आहे. फक्त बोलायला जड जातंय."

"परत घे ना."

"इथं माझ्या जागी माणूस ठरला. तिथं माझी वाट बघतायत. आणि खरं सांगू? तुझी भीती वाटते मला आता. पुन्हा कधी शंका आली, की तू पुन्हा मला काढून बघशील."

पुढचे चार दिवस मी रोज गेले. आम्ही उरलेली पुस्तकं संपवली. मी टाके घातले, त्यानं पुठ्ठे चढवले. तक्ता मी घरीच ठेवला होता.

तीस तारखेला सकाळी बसस्थानकावर त्याच्याकडे एक बॅग होती आणि खळीच्या ब्रशांची पिशवी. मी म्हणाले, "माझं प्रेम आहे तुझ्यावर. मोजल्याशिवाय सांगतेय."

त्यानं माझ्या कपाळावर आलेले केस मागे सारले. बोटांना खळीचा वास होता. "माझंही आहे, वेडे," तो म्हणाला. "म्हणूनच तर..." कंडक्टरनं बेल मारली आणि वाक्य तिथंच राहिलं. खिडकीशी बसून त्यानं हात वर केला, हलवला नाही. काच वर घेतली.

बस दहा वाजून तेवीस मिनिटांनी सुटली. बसस्थानकापासून आत्याच्या घरापर्यंत चालत अडतीस मिनिटं लागतात. मला दोन तास चार मिनिटं लागली.