सहावी प्लेट

शेवंता कुराडेनं अॅम्ब्युलन्स गॅरेजच्या दारात उभी केली, खाली उतरली आणि पुढच्या चाकाला एक सणसणीत लाथ घातली.

"मामा, हे डबडं उघडा. आत्ताच्या आत्ता."

दस्तगीर शिकलगार बाकड्यावर चहा पीत बसला होता. गडहिंग्लजात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून पुन्हा बांधणारा तो एकटाच. शाळा चौथीत सुटली, त्यानंतर सगळं शिक्षण तेलात झालं. आता बॉक्स उघडून नुसतं नाक घातलं तरी आत काय जळलंय ते सांगायचा.

"सील हाय त्याला," तो म्हणाला. "तोडलं की कंपनी बोंबलत येईल."

"येऊ दे की. मीच बोलते त्यांच्यासंगं. परवा खालनं बाळंतीण आणत होते. चौथ्या वळणाला, भर चढावर, ह्या मुडद्यानं वरचा गिअर टाकला. ओढच गेली. गाडी जाग्यावर उभी. बाई मागं वरडतीया आन हे इचार करत बसलंय!"

"मग?"

"आई वाचली," शेवंता म्हणाली आणि तोंड फिरवून चाकाकडं बघत राहिली.

दस्तगीरनं कप खाली ठेवला. राग आला की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, तशा झाल्या. तो उठला, पाना घेतला आणि सारथ्य कंपनीचं सील एका झटक्यात उडवलं.

गेल्या चार वर्षांत सगळ्या नव्या गाड्यांना हे शिकाऊ गिअरबॉक्स आले होते. ड्रायव्हर कसा चालवतो, रस्ता कुठं चढतो, हे बॉक्स स्वतः बघायचा, ध्यानात ठेवायचा आणि पुढच्या खेपेला न सांगता तसा वागायचा. शिकलेलं सगळं टॉवरवरून कंपनीला कळवायचा. म्हणून दस्तगीर त्याला चहाडखोर म्हणायचा. कंपनीला डिझेलची काळजी, म्हणून बॉक्सला लवकर वरच्या गिअरात जायची खोड लावलेली. सपाटीला ठीक, पण चंदगडाकडून कोकणात उतरणाऱ्या त्या घाटात ही खोड जिवावर उठायची.

तिसऱ्या गिअरचा ड्रम त्यानं बाकड्यावर घेतला. आत पाच क्लच प्लेटी, एकीवर एक. तेलाच्या दाबानं त्या एकमेकींना आवळतात तेव्हा गिअर धरतो. दाब कमी पडला की घसरतात आणि घसरल्या की जळतात. ह्या पाचही कडेला काळ्या पडलेल्या.

"पाचावर भागवलंय भडव्यांनी," दस्तगीर पुटपुटला. "एवढी जड गाडी, आत पेशंट, घाटाचा चढ, आन पाच प्लेटी! ह्यांच्याच आयला मागं बसवून घाट चढवा म्हणावं."

त्यानं लेथवर दाबाची चकती पातळ करून आणली आणि त्या जागेत सहावी प्लेट बसवली. तेलाचा दाब राखणाऱ्या व्हॉल्व्हची स्प्रिंग कडक घातली. तेलाचं भोक केसभर मोठं केलं. मग कंप्रेसरची हवा सोडून ड्रमला कान लावला. हवा गळत असली तर फुस्स होतं. इथं आवाज आला थप. एकच, कोरडा, दार लावल्यासारखा.

"झालं," तो म्हणाला. "आता ह्याला शिकवायचं."

नवा बांधलेला बॉक्स म्हणजे कोरी पाटी. चार दिवस दस्तगीरनं रिकामी अॅम्ब्युलन्स स्वतः घाटातून खाली-वर केली, शेजारी शेवंता. वळणाच्या आधीच गिअर खाली घे, दाब पूर्ण दे, ओढ सोडू नको, असं तो पायानं शिकवत होता आणि तोंडानं शिव्या देत होता. घाटाच्या पायथ्याला पहिल्या वळणावर पीर आहे. तिथं सगळे ड्रायव्हर, कुठल्या का जातीचे असेनात, अॅक्सिलरेटरवरचा पाय क्षणभर उचलतात आणि हात छातीला लावतात. दस्तगीरचा पाय चाळीस वर्षं तिथं आपोआप उठायचा.

आठव्या फेरीला, पाय उचलायच्या आधीच, बॉक्सनं गिअर खाली घेतला. गाडी जराशी नमली.

"बगा मामा, सलाम शिकला," शेवंता म्हणाली. तेवढीच एकदा ती हसली.

घाट चढायला एकतीस मिनिटं लागायची, ती बावीसवर आली.

बारा दिवस बरे गेले. मग एका आठवड्यात गॅरेजात तीन जळके बॉक्स आले, सगळे सारथ्यचे, सगळे घाटात गेलेले. तेलाला करपलेल्या काकवीचा वास. चौथी गाडी रावळू गावड्याची आली, सीटवर माणसं भरून नेणारी वडापची, मागून चेपलेली. तिसऱ्या वळणाला ओढ जाऊन ती उलटी घरंगळली आणि गटारात बसली. माणसं वाचली. रावळूचा गुडघा चुरडला.

रावळू त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. दस्तगीर दवाखान्यात गेला तेव्हा तो छताकडं बघत पडला होता.

"दस्त्या, एक सांगू? त्या दिवशी मला उशीर झालता. पिराला पाय न उचलताच निघालो. तर गाडीनं आपसूक गिअर पाडला. मला वाटलं, पीर रागावला गा माझ्यावर."

दस्तगीर तसाच उठून निघाला.

गॅरेजात येऊन त्यानं रावळूचा बॉक्स उघडला. पाच प्लेटी, तव्याच्या बुडासारख्या. मग बॉक्सनं शिकलेलं वाचणाऱ्या यंत्राची वायर जोडली आणि पडद्यावरचे आकडे बघितले. तेलाचा दाब त्यानं अॅम्ब्युलन्सला दिलेला. गिअर पाडायची वेळ त्याची. पिराच्या वळणावरचा सलामही त्याचाच. त्याचा पाय दुसऱ्याच्या गाडीत बसला होता.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या इंजिनिअर आल्या. अन्वी राजाध्यक्ष, पस्तिशीच्या, हातात नोटीस.

"तुम्ही सील तोडलंत. त्यामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी—"

"थांबा!" दस्तगीरनं जळक्या प्लेटींचा ढीग त्यांच्यासमोर आदळला. "एका गाडीचं सील तोडलं मी. एका. तिला सहा प्लेटी घातल्या, मग सहा प्लेटींचा दाब शिकवला. तो ह्या पाच प्लेटीवाल्यांच्या डोक्यात कुणी घातला? ह्यांची स्प्रिंग तेवढा दाब देत न्हाई, मग प्लेटी घसरून जळत्यात!"

बाई गडबडल्या. "ती सामाईक शिकवण आहे. एकेका रस्त्यावर जी गाडी सगळ्यात चांगली चालते तिला महिनाभर आदर्श ठरवतात. ती जे करेल ते त्या रस्त्यावरच्या बाकीच्या गाड्या उचलतात. या घाटात अशा दोनशे चौदा गाड्या आहेत."

"आदर्श." क्षणभर, अगदी क्षणभर, दस्तगीरला बरं वाटलं. दोनशे चौदा गाड्यांत आपला हात सगळ्यात भारी! मग रावळूचा गुडघा आठवला आणि त्याला स्वतःचीच किळस आली. "आन उचलताना आत काय हाय ते बघत न्हाईत? लंगड्याला पळायला लावता?"

"तसं कुणी आत उघडून बदल करेल असं धरलेलंच नव्हतं."

"तर! माणसाला हात असत्यात हे तुमच्या हिशेबातच न्हाई. पिराला केलेला माझा सलामसुद्धा उचलला ओ तुमच्या येड्यानं! कशासाठी केला ते तरी इचारायचं!"

बाई बराच वेळ पडद्यावरचा तो सलाम बघत राहिल्या. नोटीस त्यांनी पर्समध्ये घातली.

"शिकवण काढून टाकायला मुख्य कचेरीची मंजुरी लागते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अकरा दिवस."

"अकरा दिवसांत आणखी किती घरंगळतील?"

दस्तगीर गॅरेजात येरझाऱ्या घालू लागला. मध्येच थबकला.

"महिनाभर माझी गाडी जे करेल ते बाकीच्या करतील, व्हय? मग पिरापासून वरपर्यंत दुसऱ्या गिअरातच चढवतो. तिसऱ्याच्या प्लेटींना हातच लागणार न्हाई. सगळ्या हळू चढतील, पण चढतील."

"आन माझा पेशंट?" शेवंता दारातून गरजली. ती कधी आली कुणाला कळलं नव्हतं. "पुन्हा मी चौथ्या वळणाला उभी ऱ्हाऊ? पुन्हा मागं बाई वरडू दे? दोनशे गाड्यांचं पाप माझ्या एकीच्या गळ्यात व्हय, मामा?"

दस्तगीरला तिच्याकडं बघवेना. त्याची नजर भिंतीवर गेली. तिथं खिळ्याला सायकलच्या ब्रेकची केबल लटकत होती.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमी एकतर बाहेर जाऊन चहा घ्या, न्हाईतर ही बॅटरी धरून उजेड दावा."

बाईंनी बॅटरी धरली.

केबलचं एक टोक त्यानं थेट तिसऱ्या गिअरच्या व्हॉल्व्हला जोडलं, दुसरं शेवंताच्या सीटखाली एका दांडीला. दांडी ओढली की तिसरा गिअर पूर्ण दाबानं बसायचा आणि त्याच वेळी बॉक्सला वेग सांगणारी वायर सुटायची. चहाडखोर तेवढ्यापुरता बहिरा.

"पेशंट असला की दांडी वर," त्यानं शेवंताला सांगितलं. "रिकामी असलीस की शहाण्यासारखी दुसऱ्यात चढ. आन हे कुणाला सांगू नको. ह्या बाईंनी तर काय बघितलंच न्हाई."

"बॅटरी जरा डावीकडं घेऊ का?" अन्वीबाई म्हणाल्या.

दोन दिवसांत घाटातल्या गाड्या मऊ झाल्या. नवा जळका बॉक्स आला नाही. ड्रायव्हर मात्र शिव्या देत होते, गाड्या बैलासारख्या चालतात म्हणून. दस्तगीर ऐकून घ्यायचा आणि मनातल्या मनात कंपनीला दुप्पट द्यायचा.

दहाव्या दिवशी तो स्वतः बघायला गेला. चौथ्या वळणाच्या कठड्यावर बसला, तिथून खालचा पीर दिसायचा. दुधाचा टँकर आला, पिराला नमला, संथ चढू लागला. मागून वडाप, मग नवरदेवाची फुलं लावलेली गाडी. सगळ्या पिराला नमत होत्या. आतल्या कुणाचा हात छातीला जात होता, कुणी फोनवर बोलत होतं. गाडी नमायची ती नमायचीच.

मग टँकर त्याच्यासमोर आला आणि कठड्यापाशी पुन्हा नमला.

दस्तगीर उभा राहिला. हे त्यानं शिकवलं नव्हतं. इथं पीर नाही, चढही तसाच सरळ चाललेला. वडाप आली, तीही तिथंच नमली. नवरदेवाची गाडीही, बरोबर त्याच दगडापाशी, श्वास रोखल्यासारखी.

थोड्या वेळानं शेवंता रिकामी अॅम्ब्युलन्स घेऊन आली. कठड्यापाशी गाडी नमली, मग थांबली.

"शेवंते, हितं तू पाय उचलतीस?"

तिनं कठड्याकडं बघितलं.

"हितंच गेलं ते बाळ, मामा. मी मुद्दाम न्हाई करत. पाय आपसूक उठतोय."

खिशातला फोन वाजला. अन्वीबाई होत्या. मंजुरी आली, उद्या या घाटाची शिकवण सगळ्या गाड्यांतून पुसली जाणार; कारण सांगता आलं तर एखादी जागा तेवढी ठेवता येणार होती. "शिकलगार, आकड्यांत पिराच्या वळणाशिवाय आणखी एक जागा दिसतेय. कारण सापडत नाही. चूक म्हणून काढते, चालेल ना?"

"चूक?" दस्तगीर ओरडला. घाटात आवाज घुमला. "ज्यांच्यामुळं झालं त्यांना एक दिवस पाय उचलावासा वाटला न्हाई, आन जी येडी यंत्रं उचलत्यात त्यांची चूक व्हय?"

खालून आणखी एक टँकर वर येत होता. आतला माणूस मान हलवत गाणं ऐकत होता. गाडी कठड्यापाशी नमली आणि पुढं गेली. का नमली, ते त्याला कधीच कळणार नव्हतं.

दस्तगीरनं फोन छातीशी धरला आणि खिडकीतल्या शेवंताकडं बघितलं.

"काय सांगू गं हिला? पुसू दे?"