अर्ध्या अंशावर

माझा साडू क्ष-किरणांच्या यंत्रावर काम करायचा. संशोधन संस्थेच्या तळघरात, एकटाच. भुताचं नाव काढलं की म्हणायचा, "आणा इकडे, मोजून देतो." हे त्याच्याच तोंडून ऐकलंय. कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

सतरा नोव्हेंबर, सोमवार. रात्रीची जेवणं आटोपली आणि एका विद्यार्थिनीचा फोन आला. टपाल तिकिटाएवढ्या काचेवर तिनं धातूचा थर चढवला होता, केसाच्या जाडीचा हजारावा भाग म्हणा ना. दोन वर्षांत तो एकच तुकडा धड जमलेला. सकाळी परीक्षकांपुढे मोजमाप ठेवायचं होतं. साडू बायकोला म्हणाला, "तासाभरात आलोच."

अकराला त्यानं तिच्याकडून तुकडा घेतला, तिला घरी पाठवलं. असला थर मोजायचा तर किरण जवळजवळ आडवा सोडतात, तळ्यावर चपटा दगड भिरकावतो तसा. जेमतेम अर्धा अंश. मग तो वरचा थरच वाचतो, खालच्या काचेत फारसा शिरत नाही. साडूनं तुकडा ठेवला, यंत्राचं काचेचं दार लावलं, कळ दाबली. लाल दिवा लागला. पडद्यावर आलेख उमटू लागला.

बारा वाजून दहा मिनिटांनी तो पाणी प्यायला उठला. खोलीचं दार उघडेना.

त्या दाराला कुलूप नव्हतंच. मूठ फिरत होती, दार हलत नव्हतं. खांदा लावला. लाथ घातली. शिशाचा पत्रा ठोकलेलं दार ते, आवाज बाहेर जातोय कशाला! मोबाइलला रेंज नाही. भिंतीवरच्या फोनवरून त्यानं पहारेकऱ्याला गाठलं.

"अरे, खाली ये जरा. दार अडकलंय. मी आत आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"साहेब... तुम्ही तर आत्ताच गेलात. माझ्यासमोरून. मी नमस्कार केला, तुम्ही बघितलंसुद्धा नाही."

"काहीतरी बरळू नकोस! मी आतच आहे."

"मग... मग गेलं ते कोण?"

फोन कट झाला. पुन्हा कुणी उचलला नाही.

साडूची पाचावर धारण बसली. यंत्र बंद करायला वळला. कळ दाबली. पुन्हा दाबली. लाल दिवा तसाच.

आणि यंत्राच्या आतून...

टक.

काचेवर.

टक... टक.

"कोण?"

...

थांबलं.

मग पुन्हा. टक.

दाराला पाठ लावून तो खाली बसला. किती वेळा वाजलं? आयुष्यभर मोजत आलेला माणूस. त्यानं मोजलं नाही.

पावणेसातला विद्यार्थिनीनं बाहेरून दार ढकललं. सहज उघडलं.

"काका! रात्रभर इथेच?"

लाल दिवा विझला होता. आलेख पुरा झाला होता, अगदी बिनचूक. पोरीला रडूच आलं आनंदानं. तिनं तुकडा काढून उजेडात धरला. कपाळाला आठी पडली.

"याला हात लावलात?"

अंगठ्याचा ठसा. ओल्या फडक्यानं पुसला. जाईना. तिनं सूक्ष्मदर्शकाखाली धरला. भिंग बदलून पुन्हा पाहिलं.

"काका... थर अखंड आहे. ओरखडासुद्धा नाही. ठसा त्याच्या खाली आहे. काचेवर."

"आधीचा असेल."

"थर चढवताना काच कोरी होती. मी स्वतः बघितलीय." ती वळली. "तुमचा अंगठा दाखवा बरं."

साडूनं मूठ मिटून घेतली.