हनांतोच्या घरातलं दुसरं माणूस

“पायमशीन की हातमशीन?” दार उघडता उघडता त्याने विचारलं.

“जनगणना,” मी म्हटलं.

तो हसला. हात तेलाने काळे, कपाळावर तेलाचाच एक डाग, आणि हसू असं की… जाऊ दे. मला दिवसभरात चाळीस घरं करायची होती, आणि हसऱ्या पुरुषांवर माझा मुळातच विश्वास नाही. तीन वर्षं मी जावातल्या मदियून शहराच्या गल्ल्यांमधून कधी या, कधी त्या सरकारी मोजणीचे कागद घेऊन हिंडतेय. वय विचारलं की बायका पाच वर्षं गिळतात, नोकरी विचारली की पुरुष शिपायाचे साहेब होतात. सतरा नंबरचा हा माणूस तरी वेगळा कशावरून असेल?

‘सांगाल ते मी कुणाला सांगणार नाही,’ हे नेहमीचं वाक्य म्हणून मी कागद उघडला. नाव हनांतो, वय चौतीस, धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. घरात राहणारी माणसं?

“एक.”

“लग्न?”

“झालं नाही.” मग स्क्रूड्रायव्हर पुसत, खाली बघूनच, “तुमचं—?”

“प्रश्न मी विचारायचे असतात, मास.”

“तेच म्हणतोय, म्बाक. एकतर्फी कारभार आहे तुमचा.”

आमच्याकडे तरुणाला मास आणि तरुणीला म्बाक म्हणतात, त्यात विशेष काही नव्हतं. मी दारावर मोजणीचा स्टिकर चिकटवला आणि निघाले. गल्लीच्या टोकापर्यंत माझ्या ओठांवर हसू होतं, हे मला पाक मर्तोयोंच्या ओसरीत पोचल्यावर कळलं.

पाक मर्तोयो, म्हणजे मर्तोयोकाका, त्या गल्लीचे प्रमुख. गल्लीतल्या माणसांची नोंद त्यांच्या वहीत असते, आणि आमच्या कागदांवर शेवटी त्यांची सही लागते. त्यांच्या बायकोने, बु दार्मीने, म्हणजे दार्मीकाकूने, मोगऱ्याचा गोड चहा दिला. मी वही चाळली. घर नंबर सतरा, माणसं दोन. हनांतो आणि त्याची बायको.

मी काही विचारायच्या आतच बु दार्मी सुरू झाली. बायको सुराबायाला दवाखान्यात नर्स आहे, शनिवारी उशिरा येते, सोमवारी उजाडायच्या आत जाते.

“मी पाहिलंय ना तिला. गोरी, सडपातळ, डोक्याला पांढरा स्कार्फ. मान वर करून चालते. आपल्याकडे बघून हसेल तर शपथ.”

म्हणजे गल्लीला सांगायचं लग्न झालंय, आणि दारात आलेल्या मुलीला सांगायचं झालं नाही. वा रे मास हनांतो. मी इतकी चिडले की चहाने जीभ भाजली. एका परक्या माणसाच्या थापेवर एवढं चिडायचं काय कारण, हा प्रश्न मी स्वतःला मुद्दाम विचारला नाही.

आमच्या कामात एक शपथ असते. लोकांनी आम्हाला सांगितलेलं आम्ही कुणाला सांगायचं नाही. त्यामुळे बु दार्मीकडे खोदून विचारायची सोय नव्हती. खात्री करायची तर त्याच्याकडेच.

दुसऱ्या दिवशी ‘शिक्षणाचा रकाना राहिला’ म्हणून गेले. दोन बायका मशीन दुरुस्त व्हायची वाट बघत बसल्या होत्या. मी डोळ्यांनी घराची झडती घेतली. दोरीवर पुरुषाचेच कपडे. ताट एकच. पण कपाटाच्या काचेआड बाईचा जाळीदार ब्लाउज, कोरा, प्लास्टिकच्या पिशवीतला. आणि चहा आणला तो दोन कपांत.

“एकट्या माणसाला दोन कप कशाला लागतात?”

“एक फुटला तर?”

तिसऱ्या दिवशी ‘पाण्याच्या सोयीचा रकाना’ राहिला होता. त्याने कोपऱ्यावरून पेचलच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीत कालवलेल्या भाज्यांच्या, दोन पुड्या आणल्या, मला न विचारता. ती चटणी तिखट असली की मला ठसका लागतो. माझ्या पुडीत मिरची नव्हती.

“काल शेजारच्या मिरचीच्या नुसत्या वासाने खोकलात तुम्ही,” तो म्हणाला.

सुखाने चार घास खावेत ना? पण माझ्या मनात आलं, एवढं बारीक लक्ष ठेवणाऱ्याला सवय असणार. मी पुडी खाली ठेवली.

“तो ब्लाउज कोणाचा?”

त्याने हात पुसले. मग म्हणाला, “बु दार्मीने दिलाय. माझ्या बायकोला… जी नाही.”

मग त्याने सगळं सांगितलं. या घराआधी दोन घरमालकांनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. एकटा पुरुष, आणि धंदा असा की दिवसभर बायकांची ये-जा. तिसऱ्याने विचारलं, बायको मागून येणार का? याने होकारार्थी मान डोलावली. तेवढंच. पुढचं सगळं गल्लीने केलं. तिला नर्स केलं, सुराबायाला पाठवलं, डोक्याला स्कार्फ बांधला.

“मग मला कशाला खरं सांगितलंत?”

“तुम्ही म्हणालात, कुणाला सांगणार नाही. वर्षभरात असं म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं.”

उत्तर चांगलं होतं. जरा जास्तच चांगलं होतं. बु दार्मीने तिला डोळ्यांनी पाहिलं होतं, मान वर करून चालताना. आणि मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता, फार ठेवायचा होता… म्हणूनच मी ठेवला नाही.

शेवटचा दिवस उजाडला. चारच्या आत कागद कचेरीत द्यायचे होते. माझी बेरीज दोनशे अकरा, पाक मर्तोयोंची दोनशे बारा. सकाळीच ओसरीत गल्लीतली सात-आठ माणसं जमलेली.

“कुठल्या घरात एक कमी धरलंय?” त्यांनी विचारलं.

सही नसेल तर ही गल्ली दुसऱ्याला जाणार होती, आणि पुढच्या वर्षीच्या कामाच्या यादीतून माझं नाव. घरात माझे आजारी बाबा आणि मी, कमावणारी मी एकटी. सतरा हा एक आकडा उच्चारला असता तर सुटले असते. तो उच्चारला तर त्याचं घर जाणार, धंदाही. किंवा गुपचूप एकाचे दोन केले असते, तरी कुणाला कळलं नसतं. आणि खरं सांगते, अर्धं मन म्हणत होतं की दोनच खरे आहेत. ज्याच्यावर माझा धड विश्वासही नव्हता, त्याच्यापायी मी काम घालवायला निघाले होते.

“नाही सांगता येणार, पाक.”

“मग सही नाही,” त्यांनी वही मिटली.

हनांतोला कोणी कळवलं कोण जाणे. तो आला तो तेलकट हातांनीच, धापा टाकत.

“सतरा नंबर,” तो म्हणाला. “बायको नाही. कधीच नव्हती. मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोललो.”

पहिली बोलली बु दार्मी. “अरे, पण मी पाहिलंय तिला.”

“कोणी गिऱ्हाईक असेल, बु.”

“मान वर करून चालत होती,” ती पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते. वर्षभर जिच्याबद्दल तक्रार केली ती बाई एका क्षणात हातची गेली.

पाक मर्तोयोंनी दोनवर काट मारून एक लिहिला, माझ्या कागदावर सही केली, आणि त्याच्याकडे न बघता सांगितलं की घरमालकाशी मी बोलतो, महिनाअखेर घर रिकामं कर. मी काही बोलणार होते. त्याने मान हलवून नको म्हटलं.

पाच वाजता कचेरीतून बाहेर पडले तर तो फाटकाशी उभा. अंगात धुतलेला सदरा, कपाळावर तेलाचा डाग नव्हता.

“एक विचारायचं होतं, म्बाक वेनिंग.”

काय विचारायचंय ते मला दिसत होतं. आणि तरी माझी ती मेली जीभ—

“बायको दाखवली की घर वाचेल, म्हणून?”

त्याला राग यायला हवा होता. आला नाही.

“घराची किल्ली देऊन आलो,” तो म्हणाला. “स्टेशनमागे एक टपरी मिळालीय. मशिनं हलवली, झोपणंही तिथंच. महिनाअखेरपर्यंत थांबलो असतो तर तुम्ही हेच म्हणाला असता.”

मला रडू आलं. कचेरीची माणसं बघत होती, तरी आलं. चार दिवस मी या माणसात खोट शोधत होते, आणि त्याने माझ्या शंकेला जागा राहू नये म्हणून राहतं घर सोडलं होतं.

“विचारा,” मी म्हटलं.

“तुम्ही रडताय… राहू दे.”

“विचारा म्हणतेय ना.”

त्याने विचारलं. अगदी हळू, अडखळत. मी हो म्हटलं, आणि वर बजावलं की बाबांना तो स्वतः सांगेल, आणि सांगेल ते खरं असेल.

“खरं म्हणजे… घर नाही, टपरीत झोपतो, असं?”

“असंच.”

“हाकलून देतील मला.”

“देतील,” मी म्हटलं. “पण बाहेर पडताना आपण दोघं असू.”