पदरची अकरा मिनिटं

दोन विमानतळांमधलं अंतर दोन हजार आठशे साठ किलोमीटर आणि प्रवासाला लागतात तीन तास पंचेचाळीस मिनिटं. उड्डाण नियोजन कक्षात ज्याला सगळे मोजपट्टी म्हणत, तो मात्र वेळापत्रकात तीन तास छप्पन्न मिनिटं लिहायचा. ही पदरची अकरा मिनिटं सगळेच नियोजक घालतात. विमान वेळेआधी पोचलं की प्रवासी खूश, साहेबही खूश. यात काही खोटं आहे असं कुणाच्या मनातही येत नाही.

आज तर मोजपट्टीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. याच मार्गावरच्या विमानानं आई कायमची त्याच्याकडे राहायला येत होती. सहा वर्षं मिनतवाऱ्या केल्या, तेव्हा कुठे ती तयार झाली. विमानात पहिल्यांदाच बसली होती, तीही एकटी. त्यानं तिच्या खोलीला नवे पडदे लावले होते आणि ही बातमी कक्षात प्रत्येकाला निदान दोनदा ऐकवली होती.

दुपारी त्याच मार्गावरून काल आलेला वैमानिक कागदांवर सही करायला आला.

"तुझा तो थांबा झकास आहे हं," तो म्हणाला. "दार उघडलं की काय गार वारा येतो!"

"कुठला थांबा?"

"अरे, अकरा मिनिटांचा. लोक जरा फिरून येतात, ताजेतवाने होतात."

"थट्टा पुरे. वाटेत सगळा समुद्र आहे."

"असेल बाबा," म्हणत वैमानिक शीळ घालत निघून गेला.

मोजपट्टी हसला खरा, पण त्यानं तीन आठवड्यांच्या नोंदी काढल्या. एकही विमान लवकर आलं नव्हतं. वारा कसाही असो, दर खेपेला बरोबर तीन तास छप्पन्न. इंधन मात्र तीन तास पंचेचाळीस मिनिटांचंच जळलेलं. त्या अकरा मिनिटांत विमान उडत नव्हतं, आणि जगातल्या कुठल्याच धावपट्टीवर उभंही नव्हतं.

त्यानं घड्याळ पाहिलं. आईचं विमान सुटून दोन तास झाले होते.

घाईघाईनं त्यानं त्या विमानाच्या वैमानिकांना संदेश पाठवला. 'सुधारित वेळ तीन तास पंचेचाळीस. अकरा मिनिटं रद्द.'

जरा वेळानं उत्तर आलं. 'बरं. मग निघतो.'

त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला.

विमान नव्या वेळेवर, अगदी मिनिटाला मिनीट टेकलं. दाराशी उभ्या मोजपट्टीसमोरून प्रवासी हसतखिदळत बाहेर पडले. वाऱ्यानं सगळ्यांचे केस विस्कटले होते. एकाच्या बुटांना ओलं गवत चिकटलं होतं.

आई दिसेना.

सगळ्यात शेवटी हवाईसेविका आली. तिच्या हातात आईची पर्स होती.

"तुम्ही त्यांचे चिरंजीव ना? काय गोड आहेत हो तुमच्या आई! सगळ्यांना नुसतं हसवत होत्या."

"कुठेय ती?"

"पाय मोकळे करायला उतरल्या. म्हणाल्या, आलेच दहा मिनिटांत." तिनं पर्स त्याच्या हातात दिली. "आम्ही थांबणारच होतो हो. पण तुमचाच निरोप आला ना, की तेवढा वेळ नाहीये."