तांदळातलं नाव

माझ्या थापा राहाता गावात सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून ही गोष्ट आजवर पोटातच ठेवली होती. आधी ऐका, शिव्या मग द्या.

भाची निकिता लग्न होऊन बेलापूरला गेली. पाचव्या दिवशी तिला माहेरी आणायला मी मुराळी म्हणून गेलो. भर दुपार. ओट्यावर ऊन रणरणत होतं, आत मात्र ओल्या पोत्याचा वास. देवापुढं लग्नातलं ताट तसंच होतं. तांदळात अंगठीनं रेखलेलं सुनेचं नवं नाव, सत्यशीला.

"आमच्यात थोरली सून सत्यशीलाच," विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या. "माझ्या गेलेल्या सासूबाई त्याच, मी तीच, आता ही."

"आणि पाळण्यातली नावं?"

"ती कुनाच्या ध्यानात ऱ्हात्यात, पाव्हनं!"

माझं टाळकंच सरकलं. पोरीनं पंधरा वर्षं ज्या नावानं बक्षिसं आणली, ते पाच दिवसांत पुसलं?

निकिता चहा घेऊन आली. वाकून हळूच म्हणाली, "मामा, एकदा निकिता म्हना ना... काल आरशापुढं मीच मला हाक मारली. ओ द्यायला लई वेळ लागला..."

"निकिता!" मी गरजलोच.

"ओ, मामा!" पोरगी रडत हसली, आणि रागारागानं ताटातले तांदूळ तिनं हातानं विस्कटले.

"सत्यशीला!" विहीणबाई कडाडल्या.

निकितानं ओठ घट्ट मिटले. तरी आतल्या खोलीतून आलं, "ओ..."

मग माळ्यावरून, म्हातारं, घोगरं... "ओ..."

शेवटी विहीणबाईंच्याच तोंडून निघालं, "ओ..." त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. घरात तिसरी बाई नव्हती.

पोरीचा हात धरला, गाडीवर बसवली आणि थेट माझं घर गाठलं. बायको दारातच उभी होती.

"मालन, पाणी आण गं," मी म्हणालो. हे नाव सव्वीस वर्षांपूर्वी मीच ऐटीत तांदळात लिहिलेलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. ओठ हलले नाहीत. मागच्या रिकाम्या स्वयंपाकघरातून आलं, "ओ..."

निकितानं माझी बाही धरली. "मामा... मामीचं पहिलं नाव काय हो?"

मी तोंड उघडलं. नाव येईना. बायको अजून वाट बघत होती.

आत कुणीतरी तांब्या भरत होतं.