कबुलीची जाळी

प्रोटेस्टंट चर्चमधला चांदीचा प्याला गायब झाला आणि संशयावरून म्हातारा राखणदार आत गेला. त्याची मुलगी चौकीच्या बाकावर ठाण मांडून बसली.

"साहेब, बाबा आज सुटले नाहीत तर चर्चवाले आमची राहती खोली काढून घेतील."

साहेबांचे पाय ठणकत होते. प्याल्याच्या कपाटाच्या किल्ल्या दोघांकडेच, राखणदार आणि ऑर्गनवाला. त्यांनी ऑर्गनवाल्याला बोलावलं.

"काल संध्याकाळी कुठं होतास?"

"शेजारच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये. पापकबुलीला."

"तू प्रोटेस्टंट ना?"

"हो. आमच्यात सगळे बाकावरून एकसुरात कबुली म्हणतात, माफी थेट देवाकडे. पण मन जड झालेलं. म्हटलं, एखाद्या माणसाशी बोलावं."

"मग?"

"लाकडी खोपटात गुडघे टेकले. जाळीपलीकडून फादरनी ऐकलं. ना त्यांनी मला पाहिलं, ना मी त्यांना. विचारा हवं तर!"

साहेब उठले. गुडघे कुरकुरले.

ऑर्थोडॉक्स चर्चमधले दाढीवाले फादर म्हणाले, "कोण आलं, काय बोललं, मान कापलीत तरी सांगणार नाही."

"एक निरपराध आत सडतोय, फादर."

"त्याच्यासाठी प्रार्थना करतो. बसा, कबुलीची रांग आहे."

साहेब टेकले. एक बाई सगळ्यांदेखत ख्रिस्ताच्या चित्रासमोर उभी राहिली. फादर शेजारीच. ती कुजबुजली, मान झुकवली. फादरनी गळ्यातला पट्टा तिच्या डोक्यावर धरला. मग पुढचा आला.

साहेबांना एकदम झोपच आली. काम झालं की त्यांना अशी यायची.

"गड्या, डोकं चांगलं लढवलंस," चौकीत ते ऑर्गनवाल्याला म्हणाले. "कबुलीचं गुपित फादर फोडत नाहीत. म्हणजे तुझा साक्षीदार 'हो' म्हणणार नाही आणि 'नाही'ही म्हणणार नाही. पण तिथं खोपटं नाही, जाळी नाही. उघड्यावर, चित्रासमोर उभ्यानं कबुली. खोपटं असतं कोपऱ्यावरच्या कॅथलिक चर्चमध्ये, आणि त्याला आठवडाभर कुलूप आहे. म्हणून तू शेजारचं ऑर्थोडॉक्स निवडलंस. कबुलीला मात्र जन्मात गेला नाहीस. सिनेमात पाहिलीस."

ऑर्गनवाल्यानं कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"प्याला ऑर्गनच्या मागच्या फळीआड आहे," तो पुटपुटला. "चुकलो, साहेब."

"मोठ्यानं बोल. इथं एकसुरात म्हणायला कोणी नाही, एकट्यानंच म्हणावं लागतं."

मग त्यांनी हवालदाराला हाक मारली.

"म्हाताऱ्याला सोड. आणि त्याच्या लेकीला सांग, माफी आम्ही मागतो म्हणून."

"तुम्हीच सांगा की, साहेब."

साहेब कण्हत उठले आणि बाकाकडे निघाले.